दोष कापडात की सुतात

मी सुरतेजवळच्या कडोदऱ्यात एका कारखान्यात ग्रे कापड तपासतो. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून रंग न चढलेलं कापड. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेवरून ताका सरकवायचा आणि दोष दिसला की खूण करायची. वीस वर्षं हेच केल्यामुळे मी पंगतीतली पोळीसुद्धा उजेडाकडे धरून पाहतो, असं घरचे सांगतात. खोटं आहे. एकदाच धरली होती.

तर मधुमेहाच्या रुग्णांची सभा ठेवून दवाखान्याने सकाळी सकाळी फुकट लोचो, म्हणजे तेल-शेव घातलेला वाफवलेला सुरती नाश्ता, वाटला, तेव्हाच मला संशय आला.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची. नवव्या वर्षापासून इन्सुलिनच्या सुया टोचून घेते. मागच्या महिन्यात बसमध्ये तिची साखर एकदम उतरली. भलत्याच स्टॉपवर उतरून ती फुटपाथवर बसून राहिली. एका अनोळखी बाईने उसाचा रस पाजला म्हणून निभावलं. मला हे कळलं आठ दिवसांनी, तेही बायकोकडून.

सभेत डॉक्टरबाईंनी सांगितलं, की डुकराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी माणसात बसवण्याचे प्रयोग परदेशात चालू आहेत. इथे अजून काही नाही. पुढेमागे चाचणी निघाली तर ज्यांना कळवायला हवं, त्यांनी कागदावर नाव लिहावं. शेजारी घरातल्या एकाची सही. आमच्या मुलीने पेनाचं टोपण आधीच काढलं होतं.

"थांब," मी म्हणालो. "डॉक्टर, डुकराचा एखादा विषाणू हिच्यात आला तर? कुठली डुकरं? आईबाप कोण? राहतात कुठे?"

बायको कानाशी अहिराणीत पुटपुटली, "तुमले नवरदेव पाहाना शे का डुक्कर?"

बाई हसल्या नाहीत. ती डुकरं बंद, स्वच्छ जागेत वाढवतात, बाहेरचं जनावर आत येऊ देत नाहीत, पुन्हा पुन्हा रक्त तपासतात, असं म्हणाल्या. सगळं गुळगुळीत. सूत विकणारेही असंच बोलतात. एकदा 'लॉट एकच आहे' या शब्दावर विसंबून मी एक ताका पास केला होता. काचेवर निर्दोष. डाइंग मिलमध्ये रंग चढला आणि आडवे पट्टे उठले, वाघासारखे. दोन लॉटचं सूत मिसळलेलं होतं. महिनाभर कारखान्यात सगळे मला 'वाघ' म्हणत होते. कौतुकाने नव्हे.

म्हणून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "बाई, दोष कापडावरचा आहे की सुतातला? म्हणजे धुऊन निघेल, की रंग चढल्यावर वर येईल?"

मुलीने कपाळाला हात लावला. "पप्पा, बस ने!" ती गुजरातीत करवादली.

बाई मात्र विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "काका, बाहेरून लागणारे विषाणू गाळता येतात. पण एक प्रकार डुकराच्या जनुकांतच असतो, आईकडून पिल्लाकडे जातो. तो सुतातला. तो निकामी करायचे प्रयत्न चालू आहेत. आजवर ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यात तो आलेला आढळला नाही. पण कधीच येणार नाही, असं मी लिहून देणार नाही. म्हणून तर रुग्णावर जन्मभर लक्ष ठेवतात. घरच्यांचंही रक्त तपासावं लागेल, आणि तुम्हाला रक्तदान बंद करावं लागेल."

"अरे वा," बायको म्हणाली. दर गणपतीत रक्तदान करून मी एकेक स्टीलचा डबा घरी आणतो. फडताळात जागा उरलेली नाही.

मी मात्र अडचणीत सापडलो. 'दोष सुतात आहे' असं आजवर एकाही विकणाऱ्याने मला तोंडावर सांगितलेलं नव्हतं. पकडायचं काय आता? मुलीकडे पाहिलं.

"आणि तू? आठ दिवस लपवलंस ते?"

"तुम्ही घाबरता, पप्पा. मग मला माझी साखर सांभाळून वर तुम्हालाही सांभाळावं लागतं."

मी पेन मागितलं. "सही करतो. पण एका अटीवर. साखर उतरली की त्याच दिवशी मला सांगायचं. चाचणी निघो न निघो."

"मंजूर," ती म्हणाली.

मी कागद खिडकीकडे धरून एकदा पाहिला आणि सही केली. तरी घरी येईपर्यंत मनात एकच घोळत होतं. फार पटकन मंजूर म्हणाली.