पिंपाचा खालचा अर्धा

चौतीस वर्षं लेथवर लोखंड कातलेल्या टर्नरकाकांना निवृत्तीनंतर नाद लागला तो जुन्या इंग्लिश चांदीच्या पेल्यांचा. बैठकीतल्या काचेच्या कपाटात असे आठ पेले होते, पण सगळ्यांत लाडका होता तो अर्धाच. दोन पेले तोंडाला तोंड लावून एकमेकांत बसवले की छोटंसं पिंप व्हावं, अशा जोडीतला तो वरचा. खालचा अकरा वर्षं सापडत नव्हता.

"अर्ध्यापायी माणूस पुरता वेडा झाला," काकू म्हणायच्या. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात तसाच पेला असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी अटच घातली. "मीही येते. जुळला तर जुळला, नाहीतर हा शोध आजपासून बंद." काकांनी मान डोलावली खरी, पण पेला फडक्यात गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला.

दुकानदारीणबाईंनी त्या पेल्यात पेन्सिली ठेवल्या होत्या. काकांनी त्या हळूच काढल्या आणि तळ भिंगाखाली धरला. चालणारा सिंह, वर्षाचं अक्षर, कारागिराची आद्याक्षरं, सगळे ठसे तेच.

बाईंनी दोन्ही पेले एकमेकांवर दाबून पाहिले. काठ काठावर अडले. "नाही हो काका. कारागीर एकच असेल, पण जोडी ही नव्हे."

काकूंनी पर्स उचलली. "झालं समाधान? चला."

"थांब गं जरा." काकांनी डोळे मिटून काठावरून बोट फिरवलं. "हे हातोडीनं ठोकून घडवलंय. तंतोतंत गोल कसं असेल?"

"म्हणजे बसणार नाहीच की."

"म्हणजे एकाच जागी बसेल."

जरासुद्धा जोर न लावता ते वरचा पेला तसूतसूनं फिरवू लागले. अर्धा फेरा. पाऊण. काकूंनी पर्स खाली ठेवली. एका ठिकाणी पिंपाच्या फळ्यांच्या कोरीव रेघा वरपासून खालपर्यंत सरळ झाल्या, आतली हवा बारीक फुस्स करत निघाली आणि वरचा पेला आपल्याच वजनानं खाली उतरला. काकांनी तो दोन बोटांत धरून उचलला. खालचाही त्याच्याबरोबर वर आला.

"अहो, पडेल ना," काकू पुटपुटल्या.

"पडत नसतं. फिटिंग आहे ती. धर, तूच बघ हलवून."

बाईंनी सांगितलेल्या किमतीवर काकांनी घासाघीससुद्धा केली नाही. घरी जाताना पिंप काकूंच्या हातात होतं. बसथांब्यावर कुणी काही विचारलं नव्हतं, तरी शेजारी बसलेल्या बाईला फडकं सोडून दाखवत त्या सांगत होत्या, "अकरा वर्षं शोधलं आम्ही हे."