ओळखीचा एक शब्द

तरुणांच्या देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात स्लोव्हाकियाहून आलेली मिरेला आठवडाभर आमच्याकडे राहिली होती. ती रोमा समाजातली; या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेले. जेवताना मी मुलीला म्हणाले, “पाणी दे गं,” आणि मिरेलानंच तांब्या उचलून माझ्यापुढे धरला. मग स्वतःच दचकली.

“माझी आजीही पाणीच म्हणते,” ती इंग्रजीत म्हणाली. “शाळेत मी हा शब्द कधी उच्चारला नाही. मी रोमा आहे ते कळलं असतं, आणि मुलांनी हिणवलं असतं.”

मी भारावून गेले. “म्हणजे तू आपल्याच घरी परत आलीस की.”

तिचा चेहरा उतरला. “तिथं लोक म्हणतात, तुमच्या देशात परत जा. इथं तुम्ही म्हणता, परत आलीस. पण माझं गाव तिथंच आहे.”

किती पिढ्यांनी, किती मुलखांतून तो शब्द सांभाळून नेला असेल, आणि मी तो ऐकताक्षणी त्यावर हक्क सांगायला निघाले होते. मायेनंही माणसाला त्याच्या जागेवरून उठवता येतं, हे अजून टोचत राहतं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात मिरेला माईकसमोर जरा घुटमळली. मग तिनं आधी आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि सगळ्यांदेखत आजीच्या भाषेत बोलू लागली. मला त्यातलं थोडंच कळलं. बाकीचं तिचं होतं.