सेलोटेप

नौपाड्यात जुन्या कॅसेट कंप्युटरवर उतरवून देणारे एक गृहस्थ आहेत. कॅसेट हातात आली की ते आधी तिच्या कडेची प्लास्टिकची चिमुकली पट्टी स्क्रूड्रायव्हरने मोडतात आणि मगच "बसा" म्हणतात. माझे वडील मस्कतहून पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. त्या मी नेल्या, तेव्हाही त्यांनी तेच केलं. "आता यांच्यावर कोणी दुसरं काही टेप करणार नाही," म्हणाले. इतक्या वर्षांनी कोण करणार, असं मला वाटलं.

परवा गेलो तेव्हा कंप्युटरवर क्रिकेटची जुनी कॉमेंट्री चालू होती. टेपरेकॉर्डरमधल्या कॅसेटची पट्टी मोडलेली होती, पण त्या भोकावर सेलोटेप चिकटवलेली.

"ही कोणाची?"

"माझी. मुलीची बडबड होती हिच्यात. सेलोटेप लावून मीच वरून मॅच टेप केली. म्हटलं, पोरगी काय, रोजच बोलते. त्याच महिन्यात ती गेली."

तेवढ्यात कॉमेंट्री मध्येच तुटली आणि एक लहान आवाज आला, "बाबा, झालं?" मग नुसती खरखर.

"एवढंच कापून वेगळं ठेवा ना," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले, आणि त्यांनी मॅच पहिल्यापासून लावली.