पाळण्यावरचे तीन त्रिकोण

माझा नवरा संजीव अंधश्रद्धा मानत नाही. ही माहिती तो कोणी विचारायच्या आत देतो. नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून डब्लिनला येताना आपलं डोकं टप्प्याटप्प्याने स्वच्छ होत गेलं, असं त्याचं म्हणणं. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात लिंबू-मिरची नाही, काळी बाहुली नाही. विज्ञान काय ते आहे.

मात्र २०१७ मध्ये ऑफिसच्या मित्रांबरोबर तो आइसलंडला गेला आणि उजव्या हातावर वेगविसिर गोंदवून आला. आठ काड्यांचं चक्र, प्रत्येक काडीच्या टोकाला वेगळी नक्षी. हे जवळ असलं की माणूस वादळातही वाट चुकत नाही. "व्हायकिंग लोक हे घेऊन समुद्र पार करायचे," संजीवने सांगितलं. मी थोडं वाचलं, तर ते चिन्ह एकोणिसाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात सापडतं. व्हायकिंग संपून तोवर आठशे वर्षं झाली होती. हे ऐकून तो म्हणाला, "तू ना, प्रत्येक गोष्टीची मजा घालवतेस." लिमरिकला जाताना अर्थात तो गुगल मॅप्सच लावतो.

मग गाडीच्या मागच्या काचेवर एगिश्याल्मुर आलं, म्हणजे भीतीचं शिरस्त्राण. मधून आठ त्रिशूळ फुटल्यासारखं दिसतं. त्याच्यामुळे शत्रूची गाळण उडते. स्वोर्ड्समध्ये आमचे शत्रू म्हणजे पार्किंगची जागा पळवणारे शेजारी, आणि त्यांची काही गाळण उडालेली नाही.

पुढच्या वर्षी माझ्या बाळंतपणासाठी सासूबाई नागपूरहून आल्या. त्यांनी काचेवरचं चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे रे?"

संजीव खुलला. "जुन्या आइसलंडी मंत्रांत आहे आई. शिशाचं करायचं आणि दोन भुवयांच्या मध्ये दाबायचं. मग कोणी वाकडं करू शकत नाही."

"म्हणजे तीट," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तसं नाही. ही त्यांची मायथॉलॉजी आहे."

स्वानंदी झाली. सासूबाईंचं एकच मागणं होतं, परत जायच्या आधी नातीची एकदा दृष्ट काढायची. मीठ-मोहरी ओवाळून तव्यावर टाकायची, एवढंच. संजीवने धुराचा अलार्म, घरमालक आणि लॉजिक अशी तीन कारणं दिली. काजळाचं बोट लावायलाही मनाई, कारण इन्फेक्शन. "करू दे ना त्यांना," मी म्हटलं, तर मलाच भाषण ऐकावं लागलं. सासूबाईंनी मोहरी परत प्रेसमध्ये ठेवली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

दरम्यान लेकीच्या रक्षणाची व्यवस्था संजीवने स्वतः केली होती. पाळण्याच्या डोक्याशी त्याने एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण रंगवले. याला वाल्कनट म्हणतात, ओडिन देवाचं चिन्ह. आता पोरीला कोणाची हात लावायची हिंमत नाही.

बारशाला त्याच्या ऑफिसातली सिग्रिड आली. ती मूळची नॉर्वेची. हातात श्रीखंडाची वाटी घेऊन ती पाळण्यापाशी थांबली.

"हे कोणी काढलं?" तिने विचारलं. संजीवने अभिमानाने हात वर केला.

"छान आहे. जुन्या दगडांवर हे मरणाऱ्या योद्ध्यांच्या शेजारी कोरलेलं दिसतं. नक्की अर्थ कोणालाच माहीत नाही, पण बरेच जण म्हणतात, ओडिन ज्यांना रणातून उचलून नेणार, त्यांची ही खूण." एवढं सांगून तिने श्रीखंड आणखी मागितलं.

बारसं सोफ्यावर झालं. पाळणा संजीवने गॅलरीत नेला आणि पॉलिश पेपरने घासत बसला. कशाला, ते मी विचारलं नाही, कारण त्याचं लॉजिक मला ऐकायचं नव्हतं. सासूबाई हळूच त्याच्याजवळ गेल्या. "आता तरी काढू काय रे दृष्ट?"

"आई, प्लीज. ते वेगळं आणि हे वेगळं."

त्यांचा चेहरा मला बघवला नाही. त्या नागपूरला परत निघाल्या तेव्हा मला संजीवचा मनापासून राग आला होता.

त्याच आठवड्यात स्वानंदीला लस दिली. ताप येईल, औषध द्या, शी विल बी ग्रँड, असं नर्सने आधीच बजावलं होतं. इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक. दुपारी ताप आला. औषध दिलं, पोरगी झोपली. पण संजीव थर्मामीटर घेऊन घरभर फिरत होता. दवाखान्यात फोन केला, तिथेही ग्रँड. मग त्याने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पोरीच्या तोंडापुढे धरला.

"आई, मोहरी कशी ओवाळायची? सांग ना पटकन."

"औषध दिलं काय?"

"दिलं."

"मग झोपू दे तिले. तिची दृष्ट तर मी निघाच्या दिवशीच काढली. तू टॅक्सी पाहाले बाहेर गेला होता तेव्हा."

संजीवने पोरीच्या काखेत पुन्हा थर्मामीटर लावलं.

"फोन तुझ्याकडे कर," सासूबाई म्हणाल्या. "घाबरून तर तूच राहिला आहेस."

स्क्रीनवर त्यांची मीठ-मोहरीची मूठ गोल फिरू लागली. "थोडा वाक रे, डोकं दिसत नाही." आणि अंधश्रद्धा न मानणाऱ्या माझ्या नवऱ्याने मुकाट्याने मान खाली घातली. त्यांनी "झालं" म्हणेपर्यंत त्याने ती वर केली नाही.