खिळा तुझा

१९६५ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि नागपुरात सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये चहाचं कॅन्टीन चालवत होतो. शाळा तिसरीपर्यंत. पण माणूस ओळखण्यात मी कुणाला हार जात नसे. नवा माणूस आला की आधी पूर्ण नाव विचारायचो, चहा मग.

पिक्चरचं मशीन चालवायला किसन ऑपरेटर सावनेरहून आला, तेव्हा त्यालाही विचारलं. त्यानं सांगितलं, आडनाव जरा मोठ्यानंच. वर म्हणाला, "तरी समजलं नसन तं सांगतो. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो. आता दे चहा."

मी दिला. पण त्याच्यासाठी एक कप वेगळा काढला आणि कोपऱ्यात खिळा ठोकून त्यावर टांगला.

चार वर्षं तो त्याच कपात प्याला. स्वतः विसळायचा, स्वतः टांगायचा. भांडला कधी नाही, पण जाता जाता एखादी टाकायचाच. "आपल्या कपाची मजा आहे गा. कोणाचा उष्टा नाही. मॅनेजरलेही असा भेटत नाही."

इंग्रजी तो मशीनच्या केबिनच्या भोकातून शिकला. म्हणायचा, "एकच पिक्चर वीस डाव पाह्यलं का इंग्रजीही मराठीवानीच लागते."

एका रविवारी सकाळच्या खेळाला जुना अमेरिकन पिक्चर लागला होता, काळा-पांढरा. महायुद्ध संपल्यानंतरचं शहर, अंधारे जिने, टोपीवाले पोलीस. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी वर केबिनमध्ये जाऊन बसलो. पडद्यावर एका माणसाला खुर्चीत बसवून तोंडावर दिवा मारला होता. मला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं.

"खून यानंच केला का?" मी विचारलं.

"नाही. पण खून झाला तिथं हा होता. अन् याची आजी काळी होती. तिकडे तेवढं पुरते."

"हा तं चांगला गोरा दिसते. मंग पोलीस काय विचारून राहिला त्याले?"

किसननं भोकावरचा डोळा काढला नाही. "आडनाव विचारून राहिला."

मी हसलो. तो हसला नाही. पडद्यावरच्या माणसानं मान वर करून काहीतरी सांगितलं आणि पोलिसानं त्याच्या हातात बेड्या घातल्या.

"खरं काहून सांगतलं यानं?" मी म्हणालो. "खोटं बोलला असता तं सुटला असता."

"मी बी तुले खरंच सांगतलं होतं ना गा."

खेळ सुटल्यावर तो खाली चहाला आला. माझा हात थांबला, नाही असं नाही. पण एका पिक्चरच्या सांगण्यावरून बदलणारा मी माणूस नाही. कप खिळ्यावरचाच दिला.

दोन महिन्यांनी त्याला सावनेरलाच काम मिळालं. शेवटच्या दिवशी त्यानं चहा घेतला, कप विसळला. टांगला मात्र नाही. पुसून रुमालात गुंडाळला.

"कप मी नेतो," तो म्हणाला. "खिळा तुझा."

"बरं," मी म्हणालो. तो पुन्हा भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा ऑपरेटर कॅन्टीनच्या दारात उभा राहिला. सवयीनं 'पूर्ण नाव काय' माझ्या ओठांवर आलं. ते गिळून मी ओळीतला पहिला कप उचलला आणि विचारलं, "कडक का साधा?"