बाजूच्या सीटचा ब्रेक

गल्लीत त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. गाडी शिकवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा बाजूच्या सीटवर बसणाऱ्या बाईंच्या पायाशी. अर्ध्या गावाला त्यांनी रस्त्यावर आणलं होतं, म्हणजे चांगल्या अर्थाने.

एवढं करून पोटची पोर काही पास होईना. लेक नर्स होती. तिला लांबच्या डोंगराळ भागात फिरतीची नोकरी मिळाली होती. स्वतः गाडी चालवत वस्तीवस्तीवर जायचं आणि आजाऱ्यांना बघायचं. महिनाअखेर लायसन्स दाखवलं नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि ही दोनदा नापास. दोन्ही वेळा परीक्षकालाच ब्रेक दाबावा लागला.

"मुलगी हुशार आहे, बाई," तो दुसऱ्या वेळी म्हणाला. "पण थांबायची वेळ आली की कुणाची तरी वाट बघत बसते."

बाईंना ते फार झोंबलं. हाडाच्या शिक्षिकेला लेकीचा निकाल असा ऐकवायचा म्हणजे काय.

बाईंच्या धाकट्या दिराचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी दुपारी तो एक भलंमोठं खोकं घेऊन आला. जेवणाच्या टेबलाला त्याने स्टिअरिंग आवळून बसवलं, खाली पेडल ठेवली आणि टीव्हीला वायर जोडली. गाड्या पळवायचा गेम होता.

"पुतणीचा हात बसू दे यावर," तो म्हणाला. "पण आधी तुम्ही बसा, वहिनी. बघू तरी मास्तरीण किती पाण्यात आहे ते."

बाई पदर खोचून बसल्या. गाडी सुरू झाली आणि समोर लाल दिवा दिसताच त्यांनी ती शिस्तीत थांबवली. मागून एकाने दाणकन धडक दिली, दुसरा फूटपाथवरून निघून गेला.

"हा काय आंधळा आहे का?" बाईंनी टीव्हीला विचारलं.

"वहिनी, इथे सिग्नलला कुणी थांबत नाही."

"मग लावलेत कशाला, शोभेला?"

पुढे वळणावर गाडी घसरली आणि शेताचं कुंपण मोडून आत शिरली. पडद्यावर टणटण करत गुण वाढले. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. कुणाचं कुंपण मोडलं म्हणून शाबासकी? वर एक बटण असंही, की दाबलं की धडक झालीच नव्हती, गाडी परत मागे उभी. हे शिकवलं तर माणसं रस्त्यावर काय दिवे लावतील, असं म्हणत त्यांनी दिराला चांगलंच झापलं. क्लच नाही, मधेच कोणीतरी मोठमोठ्याने बडबडतोय, आणि गाण्यांनी कान किटले ते वेगळंच.

पण खोटं कशाला बोला, शर्यत सोडून त्यांनी एक आडरस्ता धरला आणि त्यांची जीभ जरा नरमली. काचेवर पावसाचे थेंब अगदी खरे ओघळत होते. आरशात मागची गाडी जिथे दिसायला हवी तिथेच दिसत होती. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला पिवळं शेत, आणि रस्ता फुटेल तिकडे जायची मुभा. कुठे पोचायचंच असं काही नाही. बाई बराच वेळ चालवत राहिल्या. इतकी वर्षं गाडीत बसून त्या नुसत्या फिरायला म्हणून कधी गेल्याच नव्हत्या.

"मग, कसा वाटला गेम?" दिराने विचारलं.

"अर्धा बरा आहे, अर्धा वाह्यात," म्हणत त्या उठल्या आणि लेकीला बसवून शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

लेक निघाली. घाटाचा उतार लागला, वळण जवळ आलं आणि बाईंचा पाय फरशीवर जोरात आपटला. तिथे काय, नुसती फरशी. पण क्षणभरानंतर लेकीने आपला ब्रेक दाबला, गाडी जितकी हवी तितकीच मंदावली आणि अलगद वळली. दुसऱ्या वळणावरही तेच. आधी बाईंचा पाय फरशीवर, मग लेकीचा ब्रेक, आणि गाडी सरळ रस्त्यावर.

दीर खो खो हसत सुटला. "वहिनी, फरशी फुटेल."

बाईंना हसू आलं नाही. त्यांना लख्ख दिसलं की पोरीला वेळेवर थांबता येत होतं. फक्त तिचा क्षण यायच्या आतच त्या रोज ब्रेक दाबून मोकळ्या होत. परक्यांच्या बाबतीत त्या अगदी शेवटपर्यंत थांबत. लेकीच्या बाबतीत जीव थाऱ्यावर राहायचा नाही, त्यामुळे तिला आईच्या पायाची सवय लागली होती. पोरीला नापास आपणच केलं, या विचाराने त्यांना भरून आलं.

"उद्यापासून मी ब्रेकला पाय लावणार नाही," त्या म्हणाल्या.

लेकीने वळून पाहिलं. "जमेल तुला?"

"नाही जमणार. पण तुझ्यासाठी जमवीन."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पट्टा लावला आणि सीटवर चक्क मांडी घातली. पहिल्या चौकात त्यांना घाम फुटला. डेपोपाशी बस आडवी आली तेव्हा लेकीने सवयीने आईकडे बघितलं. बाईंनी दात आवळले आणि मांडी सोडली नाही. गाडी थांबली, जरा उशिरा आणि जरा हिसका देऊन, पण लेकीनेच थांबवली. हळूहळू हिसके कमी झाले.

तिसऱ्या परीक्षेला परीक्षकाला पाय हलवावा लागला नाही. "झाली पास," एवढंच बोलून त्याने सही केली. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्याच घटकेला लक्षात आलं. आता ही जाणार.

"चल, बस," लेक म्हणाली. "घरी सोडते तुला."

बाजार मागे पडेपर्यंत बाई बोलत होत्या, मग कधी डोळा लागला त्यांनाच कळलं नाही. चालत्या गाडीत त्यांना आजवर कधी झोप लागली नव्हती, कुणीही चालवत असो.

जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळं रान होतं.

"अगं, घर मागेच राहिलं की."

"तू झोपली होतीस. उठवावंसं वाटलं नाही. वळवू का गाडी?"

बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. स्टिअरिंगवर ते निवांत होते.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "अजून थोडं पुढे घे."