दुसरा गठ्ठा

मेघनाला हे माहीत नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, माझ्या घोरण्यापासून बँकेच्या पिनपर्यंत सगळं तिला ठाऊक आहे – हे सोडून. आईलाही कधी बोललो नाही, आणि ती गेली. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि पोटात ठेवून ठेवून मला आता कंटाळा आलाय, हे दुसरं.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. मी परदेशात, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला एका छोट्या कंपनीत होतो. नोटा मोजायची आणि नकली नोट बाजूला फेकायची मशीनं आम्ही बँकांसाठी बनवायचो. माझं काम सॉफ्टवेअरचं. कुठल्या देशाने नवी नोट काढली की तिचे नमुने कुरियरने यायचे. ते स्कॅनरमधून काढायचे, आतला धागा कुठे आहे, वॉटरमार्क किती गडद आहे, शाई अल्ट्राव्हायोलेट उजेडात कशी दिसते, सगळं मोजायचं आणि मशीनला शिकवायचं – की बाबा रे, अशी दिसली तर खरी, नाहीतर फेकून दे. शहाणे देश दहा-पंधरा वर्षांत एखाद्या वेळी नोट बदलतात. माझ्या वाट्याला झिम्बाब्वे आला होता.

तिथे तेव्हा महागाई अशी, की सकाळचा पावाचा भाव संध्याकाळी राहत नव्हता. म्हणून दर थोड्या महिन्यांनी नवी नोट. आणखी शून्यं, नवा रंग, चित्र मात्र तेच – एकावर एक तोललेले मोठे धोंडे. मध्ये एकदा सरकारने तीन शून्यं सरळ पुसूनच टाकली आणि जुन्या नोटा मोजक्या दिवसांत बाद केल्या. तिकडे लोकांचा जीव मेटाकुटीला आलेला आणि मी इकडे खूश. खोटं कशाला बोलू? नवी नोट म्हणजे माझ्या नोकरीला काम. आणि नवी नोट म्हणजे युनिसची मेल.

युनिस तिथल्या एका बँकेत हेड कॅशियर होती. नमुने गोळा करून आम्हाला पाठवायचं काम तिच्याकडे असायचं. सुरुवातीच्या मेल्स अगदी रीतसर – ‘डिअर सर, सोबत अमुक नमुने.’ मग एकदा मी सहज विचारलं, तिकडे हवा कशी आहे, आणि बाईंनी पानभर लिहिलं. पावाच्या रांगेत दोन तास उभी राहिले, नंबर आला तेव्हा दुकानदार पाटीवरचा भाव पुसून नवा लिहीत होता, मग आम्ही सगळे हसत सुटलो – असं काय काय. मला ती ‘माय ब्रदर’ म्हणायला लागली. मी मनातल्या मनात तिला युनिसताई म्हणायचो. तिच्या घरी म्हातारी आई होती आणि वारलेल्या बहिणीची तीन मुलं. सगळं तिच्या एकटीच्या पगारावर.

अप्पर हटचा रविवार तुम्ही पाहिला नसेल. डोंगरावर ढग बसलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. डेअरीत, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध आणायला गेलो की गल्ल्यावरच्या गुजराती काकांशी दोन वाक्यं व्हायची – तीच त्या दिवसाची सगळी बोलणी. घरी येऊन ऑइल हीटर पायाशी ओढायचा आणि युनिसताईच्या जुन्या मेल्स परत वाचायच्या. हसू नका. मी एकतीस वर्षांचा घोडा, शुक्रवारी मुद्दाम तिला काहीतरी शंका विचारून ठेवायचो, म्हणजे सोमवारी उत्तर यायची आशा असे.

मी गोल गोल फिरतोय, कळतंय मला. येतो मुद्द्यावर.

एका मोठ्या नोटेचे नमुने आले. दोन गठ्ठे. दुसऱ्या गठ्ठ्याला तिने चिठ्ठी लावली होती – ही दुसरी छपाई आहे, कागद वेगळा वाटतो, धागाही मला मंद दिसतो, कृपा करून दोन्ही तपास. तिने सांगायची गरजच नव्हती, आमचा नियमच होता तो. एकच नोट दोनदा छापली की थोडाफार फरक पडतो. तेवढा फरक चालेल, हे मशीनला सांगावं लागतं, नाहीतर ते खऱ्यालाही खोटं म्हणतं.

पहिल्या गठ्ठ्यात शुक्रवार दुपारचे तीन वाजले. दुसऱ्याला आणखी तीन तास लागले असते. आणि त्या संध्याकाळी वेलिंग्टनला एका पुण्याच्या कुटुंबाकडे गणपतीची आरती आणि जेवण होतं. चार महिन्यांत आलेलं पहिलं आमंत्रण. मी दुसरा गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला, फॉर्मवर ‘दोन्ही तपासले’ या चौकोनात खूण केली, म्हटलं सोमवारी करू, आणि ट्रेन पकडली. तिथे पाच मोदक खाल्ले. लोक मॉर्गेज आणि हीट पंपबद्दल बोलत होते, मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. सोमवारी आलो तर माझा साहेब ग्रॅहम याने शनिवारीच नवं सॉफ्टवेअर तिकडे पाठवून दिलेलं. मी दुसरा गठ्ठा ड्रॉवरमध्येच राहू दिला. एवढा काय फरक असणार, असं म्हणून सोडून दिलं.

दीड-दोन महिन्यांनी बँकेचं पत्र आलं. एका दुकानाने भरलेली रोकड युनिसने हाताने मोजून, तपासून, सही करून घेतली होती. संध्याकाळी आमच्या मशीनने त्यातल्या कितीतरी नोटा नकली म्हणून फेकल्या. बँकेचं म्हणणं – खऱ्या नोटा बाईंनी काढून घेतल्या आणि नकली घातल्या. तिला घरी बसवलं होतं, चौकशी चालू होती. सरकारी तपासणीचं उत्तर येईतो त्या नोटाच बाद व्हायच्या, मग कोण कशाला तपासतंय? बँकेचा आम्हाला एकच प्रश्न होता – तुमचं मशीन चुकू शकतं का?

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी ड्रॉवरमधून दुसरा गठ्ठा काढला आणि मशीनमध्ये घातला. मशीनने निम्म्याच्या आसपास नोटा फेकल्या. बँकेच्या तिजोरीतल्या कोऱ्या करकरीत, तिने स्वतःच्या हाताने बांधून पाठवलेल्या. आता तरी मला शंका होती का? नव्हती. मला नीट, पुरतं कळलं होतं – हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तेव्हा खात्री नव्हती.

दुपारी ग्रॅहम माझ्या टेबलाशी आला. बरा माणूस होता, कधी आवाज चढवला नाही.

“दोन्ही गठ्ठे चालवले होतेस ना, मेट?”

“हो. दोन्ही.”

“स्वीट अ‍ॅज,” म्हणजे झकास, असं म्हणाला आणि चहा करायला गेला.

झालं. एवढंच. माझा रेसिडेन्सीचा, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज तेव्हा अर्ध्यात होता आणि त्याला कंपनीचं पत्र लागणार होतं. हे सबब म्हणून सांगत नाही, त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगतोय. बँकेला जायच्या पत्राचा मसुदाही मीच केला. नमुन्यांचे दोन्ही संच तपासले आहेत, मशीन नियमाप्रमाणे चालतं आहे. सही ग्रॅहमची, वाक्यं माझी. इंग्रजी चांगलं आहे म्हणून त्याने माझं कौतुकही केलं.

त्याच आठवड्यात युनिसची मेल आली. तुला दुसरा गठ्ठा आठवतो ना? कागद वेगळा होता, एवढंच त्यांना सांग, बाकी काही नको. मी ती मेल रोज उघडायचो. कामावर उघडायचो, घरी आल्यावर उघडायचो. दोन ओळींचं तर काम होतं. उत्तर दिलं नाही. शेपूट घातली, दुसरा शब्द नाही. पुढच्या अपडेटमध्ये मात्र दुसऱ्या छपाईचा फरक मी गुपचूप घालून टाकला. त्यानंतर त्या नोटा कुठल्याच बँकेत फेकल्या गेल्या नाहीत. थोड्या महिन्यांत ती नोटही बंद झाली.

युनिसची नोकरी गेली. चोर म्हणून गेली, म्हणजे दुसरी बँक दारात उभं करणार नाही. ज्या नोटांपायी गेली, त्यांत तोवर एक पावसुद्धा आला नसता.

इथपर्यंत मी एकदा मनातल्या मनात कबूल केलं होतं. भ्यालो, गप्प बसलो – माणसं भितात, असं म्हणता येतं. पण गोष्ट इथे संपत नाही.

माझी रेसिडेन्सी आली त्यानंतर काही आठवड्यांनी तिची मेल आली, सायबर कॅफेतून, नव्या पत्त्यावरून. मला वाटलं, आता शिव्या असणार. खरं सांगतो, असाव्यात असं वाटत होतं. तर तिने लिहिलं होतं – आईला घेऊन गावाकडे जातेय, तिथे मेल नाही, म्हणून आजच लिहिते. मुलांना शाळेतून काढलं. तू गप्प का आहेस ते मला समजतं. तू त्यांना नक्की सांगितलं असशील, आपल्यासारख्यांचं कंपन्या कुठे ऐकतात? तू लाजून मला लिहायचं टाळू नकोस.

मी ती वाचली आणि मला काय वाटलं माहीत आहे? सुटल्यासारखं वाटलं. तिचा माझ्यावर राग नाही, ती अजून माझीच आहे. अख्ख्या देशात मला एक माणूस नव्हतं आणि हे एक मला सोडवेना. खरं सांगायची ती शेवटची संधी होती, हे कळत होतं. मशीन चुकलं होतं असं माझं लेखी तिच्या हातात असतं तर कदाचित नोकरी परत मिळाली असती, निदान नाव तरी धुतलं गेलं असतं.

मी लगेच उत्तर लिहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, पाच मिनिटांत. लिहिलं – ताई, मी खूप सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

अर्ध्या तासात तिचं उत्तर आलं. तिने माझे आभार मानले होते.